प्रश्न विचारणारी सीडी

लिनक्सची कोणती डिस्ट्रो चांगली, या भांडणात मी कधी पडलो नाही. गोव्यातल्या लिनक्सवाल्या मित्रांत ते भांडण रात्र रात्र चालायचं. कुणी रेड हॅटचा, कुणी डेबियनचा, कुणी स्लॅकवेअर सोडून दुसऱ्या कशाचं नाव न काढणारा. माझं विचारणं एकच असे : हे टाकताना पडदा काय विचारतो आणि कुठल्या भाषेत विचारतो? पेडण्याच्या शाळेतल्या शिक्षकाला कर्नलची आवृत्ती कळली नाही तरी त्याचं काही अडत नाही. पहिल्या पडद्यावरचा प्रश्न कळला नाही, तर मात्र सगळंच अडतं. गेल्या पंचवीस वर्षांत इन्स्टॉलरसाठी जेवढा वाद घातला तेवढा मी दुसऱ्या कशासाठीही घातला नाही. हा आढावाही त्याच बाजूने लिहितो आहे.

सुरुवातीचा काळ भरभर सांगतो. नव्वदच्या दशकात लिनक्स आमच्यापर्यंत पोचलं ते पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून. स्लॅकवेअर टाकायचं म्हणजे डिस्कच्या वाटण्या हाताने पाडायच्या, मग चौकटींमागून चौकटी ओके करत जायचं. रेड हॅटने १९९९ मध्ये ६.१ बरोबर अ‍ॅनाकोंडा आणला. पायथनमध्ये लिहिलेला तो इन्स्टॉलर माऊसवर चालायचा आणि बघायला देखणा होता. किकस्टार्टच्या फाइलमध्ये सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवली की यंत्रासमोर बसावंही लागत नसे. पीसीक्वेस्टने रेड हॅटवर आपले संस्कार करून पीसीक्यूलिनक्स काढलं. आपल्या गरजेची सीडी आपणच घडवू शकतो, हे आमच्यातल्या अनेकांना तिथे पहिल्यांदा उमगलं.

गोव्यात या कामाला खरी जागा मिळाली ती शाळांमध्ये. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट उभा राहिला. परदेशस्थ गोमंतकीयांची गोवा सुधारोप ही संस्था त्यामागे होती. अमेरिकेतल्या वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंजकडून वापरलेले संगणक कंटेनर भरून यायचे. फ्रेडरिक नोरोन्हा यांनी त्याबद्दल सातत्याने लिहिलं, म्हणून बाहेरच्या जगाला ते कळलं. जुनी यंत्रं आणि परवान्यांना पैसे नाहीत, अशा स्थितीत लिनक्सशिवाय दुसरा मार्ग नव्हता. जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट इथे फार उपयोगी पडला. एक बरं यंत्र सर्व्हर म्हणून ठेवायचं आणि बाकीच्या म्हाताऱ्या यंत्रांनी त्याच्या जिवावर चालायचं.

डिचोली तालुक्यात तेव्हा खाणी जोरात होत्या. रस्त्यावर ट्रकांच्या रांगा आणि खिडकीच्या गजांवर लाल धूळ. ती धूळ पंख्यात जायची आणि सीडी ड्राइव्हच्या भिंगावर बसायची. पेडण्याच्या किनाऱ्याकडच्या शाळांत खारी हवा. पावसाळ्यानंतर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसले की बंद यंत्र पुन्हा उठायचं. अशा ठिकाणी प्रत्येक यंत्रात सीडी घालून काम होत नाही. एका धड ड्राइव्हवर सीडी वाचायची आणि बाकीच्यांना नेटवर्कवरून द्यायचं. ज्या नेटवर्क कार्डांना पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून सुरू होणं, येत नसे त्यांच्यासाठी इथरबूटची फ्लॉपी खिशात असायची. पुढे आम्ही बांधलेल्या इन्स्टॉलरचा पहिला आराखडा या धुळीने ठरवला.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो : डेबियनचा इन्स्टॉलर. जोई हेस यांनी त्याची पायाभरणी केली आणि जून २००५ मधल्या सार्ज आवृत्तीत तो पहिल्यांदा सर्वांच्या हाती आला. दिसायला रुक्ष होता, त्यामुळे अ‍ॅनाकोंडावर पोसलेल्यांनी नाकं मुरडली. त्याची घडण मात्र विलक्षण होती. सगळा इन्स्टॉलर यूडेब नावाच्या चिमुकल्या पॅकेजांचा बनलेला. भाषा विचारणारं एक, नेटवर्क शोधणारं दुसरं, डिस्कच्या वाटण्या करणारं तिसरं. प्रत्येक प्रश्न वेगळ्या साच्यात लिहिलेला आणि त्याला अग्रक्रम दिलेला : किरकोळ, मध्यम, महत्त्वाचा, अत्यावश्यक. पातळी ‘अत्यावश्यक’वर नेली की इन्स्टॉलर जवळजवळ गप्प बसतो. प्रीसीडच्या फाइलमध्ये उत्तरं भरली की उरलेलंही विचारत नाही. आणि एखादा प्रश्न मुद्दाम विचारायचाच असेल, तर आपला एक यूडेब लिहून मध्ये घालता येतो. एवढी मोकळीक मला दुसऱ्या कुठल्याही इन्स्टॉलरने दिली नाही.

तरी मराठीला दार उघडायला वेळ लागला, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टेक्स्ट कन्सोल म्हणजे आखलेल्या चौकटी. एका चौकटीत एक आकृती आणि एकूण आकृत्या २५६, फार तर ५१२. इंग्रजीला ते पुरून उरतं. देवनागरीत पहिली वेलांटी टंकायची व्यंजनानंतर आणि दिसायची व्यंजनाआधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि जोडाक्षरं तर शेकड्यांनी. मी एकदा हट्टाने आमच्या दोन तालुक्यांची नावं कन्सोलवर उमटवून पाहिली. ‘पेडणे’ मात्रा सुट्या पडूनही कसंबसं वाचता आलं. ‘डिचोली’ मोडलं. वेलांटी ‘ड’ला सोडून ‘च’कडे सरकली आणि गावाचं नाव ‘डचि’पासून सुरू झालं. त्या दिवशी पटलं, की नुसतं भाषांतर करून भागणार नाही, अक्षर घडवणारा पडदा हवा.

तो पडदा एप्रिल २००७ मध्ये डेबियनच्या एच (Etch) आवृत्तीबरोबर आला. इन्स्टॉलरला चित्रमय रूप मिळालं आणि हिंदी, बंगाली, गुजराती यांची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २००९ च्या लेनीमध्ये मराठी आली. फ्रान्समध्ये बसून जगभरच्या भाषांतरकारांना एकत्र बांधणारे ख्रिस्तियान पेरिए, आणि फाइलींमागून फाइली भरणारे आपले मराठी स्वयंसेवक, या सर्वांचं हे ऋण आहे. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फाँट मुक्त परवान्याखाली दिले नसते, तर हे सगळं दाखवायला अक्षरंच नसती. ‘दुसऱ्या डिस्कवर’ हे शब्द घ्या. त्यातला चंद्रकोरीचा ‘ऱ्य’ मराठीचा खास. तो नीट टंकला नाही तर रफार होऊन ‘दुसर्या’ दिसतं आणि वाचणारं पोर तिथे अडखळतं. मी कित्येक संध्याकाळी फक्त हा एक ‘ऱ्य’ सुधारण्यात घालवल्या आहेत आणि त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही.

शब्दांवरून झालेले वाद अजून मिटलेले नाहीत. एका पंथाला ‘इन्स्टॉल’ला ‘प्रतिष्ठापना’ हवी, ‘पार्टिशन’ला ‘विभाजन’ आणि ‘माउंट पॉइंट’ला ‘आरोह बिंदू’. दुसरा पंथ म्हणतो, इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहा आणि मोकळे व्हा. दोन्ही पंथांतले लोक विद्वान आहेत, पण इन्स्टॉलर ज्याच्यासमोर उघडतो त्याला दोघांनीही विचारलेलं नाही. आमच्याकडे शेतात पंप बसवतात, घराला मीटर बसवतात; संगणकात लिनक्स बसवायला काय हरकत आहे? डिस्कच्या ‘विभाजना’पाशी घुटमळणारे शिक्षक मी पाहिले. ‘डिस्कची वाटणी’ म्हटलं की भाटाची, म्हणजे बागायतीची, वाटणी पाहिलेल्या माणसाला वेगळं काही समजावावं लागत नाही. एकाने घेतलेला तुकडा दुसऱ्याला मिळत नाही आणि एकदा झालेली वाटणी मोडणं कठीण, हे त्याला ठाऊक असतं.

लेनीच्या पायावर आम्ही चौघा मित्रांनी पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतल्या ओळखीच्या शाळांसाठी एक सीडी बांधली. डेबियनच्या सिंपल-सीडीडी या साधनाने हवी तेवढीच पॅकेजं घेतली : एक्सएफसीई, ओपनऑफिस, जीकॉम्प्रिस, मराठी कळपाट आणि लोहित फाँट. इंटरनेट नाही हेच गृहीत धरलं होतं, म्हणून बाहेरून एकही फाइल मागायची नाही असा नियम केला. खरी अडचण मेमरीची निघाली. ६४ एमबीच्या यंत्रावर चित्रमय इन्स्टॉलर उठेना, म्हणजे मराठीही उठेना. याहून कमी मेमरी असेल तर इन्स्टॉलर लो-मेम पद्धतीत शिरतो आणि भाषा न विचारता इंग्रजीत सुरू होतो. यंत्र जितकं गरीब, तितकी त्याच्यापुढे बसणाऱ्याची भाषा आधी जाते. उपाय म्हणून मी रॅमची एक जास्तीची पट्टी पिशवीत ठेवू लागलो. बसवताना ती घालायची, काम झालं की काढून पुढच्या यंत्राला. त्या पट्टीने दोन तालुके पालथे घातले.

आणि एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. प्रीसीडमध्ये मी ‘सगळी डिस्क वापरा’ ही कृती भरली होती, आणि खात्री करून घेणाऱ्या प्रश्नाचं उत्तरही आधीच ‘हो’ दिलं होतं. शिक्षकाला त्रास नको, हा हेतू. पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत पंचवीस मिनिटांत काम झालं. पडद्यावर मराठी मेनू आला, पोरं गोळा झाली. मुख्याध्यापिका बाई मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “सर, सहामाहीचे निकाल त्यातच होते.” कुणी ओरडलं नाही. बाईंनी कपाटातून गुणांच्या वह्या काढल्या आणि पुढच्या दोन संध्याकाळी त्या वाचत गेल्या, मी टंकत गेलो.

त्या दोन संध्याकाळींत इन्स्टॉलरविषयीचं माझं मत कायमचं ठरलं. जो काहीच विचारत नाही तो चांगला इन्स्टॉलर, असं मी तोवर मानत होतो. परतल्यावर आम्ही एक छोटा यूडेब लिहिला. तो वाटणीच्या आधी थांबायचा आणि विचारायचा : “या संगणकात जपून ठेवण्यासारखं काही आहे का? ‘हो’ म्हटलंत तर काहीही पुसलं जाणार नाही.” आधीच निवडलेलं उत्तर ‘हो’. नुसतं एंटर दाबत जाणाऱ्याचंही काही जाता कामा नये. बाकीचे सगळे प्रश्न आम्ही गाळले, हा एक ठेवला. पुढच्या शाळांत या प्रश्नापाशी शिक्षक थांबायचे, एकमेकांकडे बघायचे आणि कुणीतरी म्हणायचं, “थांबा हं, क्लार्कांना विचारून येतो.” त्या थांबण्यासाठीच तो प्रश्न होता.

बाकीची प्रगती थोडक्यात. उबुंटूने २००६ मध्ये लाइव्ह सीडीवरूनच बसवायची सोय दिली आणि ती अनेकांनी उचलली. जानेवारी २०१३ च्या फेडोरा १८ मध्ये अ‍ॅनाकोंडा नव्याने लिहिला गेला. मला तो आधीइतका कधी रुचला नाही. सीडॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेलं बॉस लिनक्स काढलं, भारतीय भाषांचा हेतू धरून. केरळने मात्र करून दाखवलं. आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पाने शाळांसाठी स्वतःची डिस्ट्रो बनवली, शिक्षकांना ती बसवायला शिकवलं आणि दहावीची संगणक परीक्षा त्यावर घेतली. इन्स्टॉलर शिक्षकाच्या हाती गेला, म्हणून ते टिकलं. आमच्याकडे तो आम्हा चौघांच्या पिशवीत राहिला, हे आमचं अपयश मी मान्य करतो.

आज कॅलामारेस हा इन्स्टॉलर आहे. कोणत्याही डिस्ट्रोला जोडता येतो, मॉड्यूल निवडा, चित्रं बदला, तयार. काम उत्तम आहे आणि डेबियनच्या लाइव्ह प्रतींतही तो बसला आहे. पण बोधचिन्ह आणि वॉलपेपर बदलून ‘आमचा इन्स्टॉलर’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. रंग बदलल्याने इन्स्टॉलर आपला होत नाही. कोणता प्रश्न विचारायचा, कोणता गाळायचा, न समजून एंटर दाबणाऱ्याचं काय होईल, हे ज्याने ठरवलं त्याचा तो इन्स्टॉलर.

आता तर प्रश्नच उरलेला नाही. लॅपटॉप येतात ते सगळं आत भरून. बिघडलं की दुकानात “फॉरमॅट मारून द्या” म्हणायचं. संगणकावर पदवी घेतलेली मुलं भेटतात आणि डिस्कची वाटणी त्यांनी एकदाही केलेली नसते. आपल्या यंत्रात काय आहे आणि ते कुणी ठेवलं, हा विचार करायची सवय त्यासोबत जाते, त्याची मला खंत आहे. मोपाला विमानं उतरू लागली, तुयेला इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी जमीन राखली गेली, आणि त्याच पेडण्यात शाळेच्या अडगळीत चालू शकणारी यंत्रं पडून आहेत.

म्हणून शेवटी एक विनंती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे शाळांतली बरीच धडधाकट यंत्रं भंगारात निघतील. त्याच वर्षी ९ ऑगस्टला आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. त्यांच्यासाठी अजून १२ वापरता येतं. ६४-बिट यंत्रांना १३ चालतं. दिवाळीच्या सुटीत आपल्या गावच्या शाळेत जा. आधी मुख्याध्यापकांना विचारा, यात जपून ठेवण्यासारखं काही आहे का. ते दुसरीकडे उतरवून घ्या. मग शाळेतल्याच एका शिक्षकाला शेजारी बसवा, कळफलक त्यांच्या हाती द्या आणि पहिल्या पडद्यावर मराठी निवडायला सांगा. जिथे शब्द अडेल तो वहीत लिहून घ्या आणि भाषांतरकारांना कळवा. पुढच्या आवृत्तीत तो शब्द सुधारता येतो.