बर्फाच्या उतारावरील दोन भाऊ

आमच्या सालेकसा तालुक्यांत बर्फ म्हटलें म्हणजे उन्हाळ्यांतील रंगीत गोळा, नाहीं तर अवकाळी पावसांतील गारा, एवढेंच डोळ्यांसमोर येतें. परंतु ज्या देशांत वर्षांतील कित्येक महिने भूमि बर्फाखालीं असते, तेथें पायांस लांब पट्ट्या जखडून उतारावरून घसरत जाणें ही प्रथम प्रवासाची रीत होती आणि पुढें ती क्रीडा झाली. या पट्ट्यांस 'स्की' म्हणतात. या क्रीडेच्या 'फ्रीस्टाइल' नामक शाखेंत कॅनडाच्या अलेक्सांद्र बिलोदो यानें जें यश संपादन केलें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्याच्या स्पर्धाप्रकारास 'मोगल्स' म्हणतात. दिल्लीच्या मोगल बादशहांशीं या शब्दाचा कांहींएक संबंध नाहीं. ऑस्ट्रियाकडील जर्मन बोलींतील टेकाडवाचक शब्दापासून तो आला असावा. सुमारे २५० मीटर लांबीचा, सुमारे २८ अंशांचा तीव्र उतार कल्पनेंत आणावा. त्यावर सुमारे साडेतीन मीटरांच्या अंतरानें बर्फाचीं टेंगळें उभीं असतात. धानाच्या बांध्यांतून धांवणाऱ्या मनुष्यास पावलोपावलीं धुरा आडवा यावा, तसाच हा प्रकार. मात्र येथें पाय थांबवितां येत नाहींत. प्रत्येक टेंगळास वळसा घालतांना गुडघे सारखे वर-खालीं होतात, पण छाती व मस्तक स्थिर ठेवावें लागतें. वाटेंत दोन ठिकाणीं हवेंत उडी घेऊन कोलांटी वा फिरकी दाखवावी लागते. हें सर्व २५ सेकंदांच्या आंतबाहेर आटोपतें.

येथें केवळ शीघ्रगतीस विजय मिळत नाहीं. बिलोदोच्या काळीं एकंदर ३० गुण असत. त्यांपैकीं निम्मे वळणांच्या सफाईस, चतुर्थांश उड्यांस व चतुर्थांश वेगास. पुढें वळणांचा वांटा शेंकडा ६० पर्यंत वाढविण्यांत आला. अडथळा किती लवकर ओलांडला यापेक्षां तो कसा ओलांडला, याचें मोल या खेळांत अधिक आहे.

अलेक्सांद्रचा जन्म ८ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रिअल येथें झाला. त्याचा वडील बंधु फ्रेदेरिक यास जन्मापासून मेंदूच्या विकारामुळें स्नायूंवर पुरता ताबा ठेवतां येत नाहीं. या विकारास 'सेरेब्रल पाल्सी' म्हणतात. धाकटा मुलगा प्रथम बर्फावरील हॉकी खेळे. परंतु सर्व कुटुंबास, विशेषतः फ्रेदेरिकास, ज्यांत भाग घेतां येईल असा खेळ असावा, असें मातेच्या मनानें घेतलें. म्हणून हॉकी सुटली आणि सारें घर स्की शिकूं लागलें. जो निर्णय थोरल्या मुलासाठीं घेतला गेला, त्यांतूनच धाकट्याची वाट उघडली.

सन २००६ च्या ट्यूरिन ऑलिंपिकांत अलेक्सांद्र अकरावा आला. सन २००९ मध्यें त्यानें दोन स्पर्धक एकाच वेळीं उतरतात त्या प्रकारांत जगज्जेतेपद मिळविलें. नंतर १४ फेब्रुवारी २०१० हा दिवस उजाडला. कॅनडानें १९७६ सालीं माँट्रिअल येथें व १९८८ सालीं कॅल्गरी येथें ऑलिंपिक भरविलें होतें. पण यजमान राष्ट्रास दोन्ही वेळां एकही सुवर्णपदक लाभलें नव्हतें. ही खंत राष्ट्राच्या मनांत होती. व्हँकुव्हरच्या त्या स्पर्धेंत पूर्वीचा विजेता डेल बेग-स्मिथ यानें २६.५८ गुण मिळविले. तो जन्मानें व्हँकुव्हरचाच, पण ऑस्ट्रेलियाच्या वतीनें उतरलेला. त्याच्यामागून आलेल्या बिलोदोस २६.७५ गुण मिळाले. अंतर अवघें ०.१७! अखेरच्या स्पर्धकाची फेरी संपली, आणि मायभूमीवर कॅनडास पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालें. प्रेक्षकांत फ्रेदेरिक हर्षभरित झाला होता.

यानंतर खरी कसोटी होती. मिळविलेलें टिकविणें मिळविण्याहून कठीण असतें. सन २०१४ मध्यें रशियांतील सोची येथें त्याचाच देशबांधव, पांच वर्षांनीं लहान मिकाएल किंग्सबरी याचा पक्ष प्रबळ मानला जात होता. अंतिम फेरींत बिलोदोनें २६.३१ गुण मिळविले, किंग्सबरीस २४.७१ मिळाले. फ्रीस्टाइल स्कीइंगमध्यें ऑलिंपिक सुवर्णपदक सलग दोनदां जिंकणारा बिलोदो हा पहिलाच खेळाडू. विजयाची खात्री पटतांच त्यानें कठड्यापाशीं धांव घेतली व भावास उचलून अलीकडे घेतलें. सरावाचा कंटाळा येई तेव्हां आपण भावाकडे पाहत असूं, कारण त्याच्या वांट्यास आलेल्या अडचणींपुढें आपली तक्रार शोभत नाहीं, अशा आशयाचे उद्गार त्यानें वारंवार काढले आहेत. त्याच वर्षीं त्यानें स्पर्धांस रामराम ठोकला व हिशेबनिसाच्या व्यवसायाची वाट धरली. तेव्हां त्याचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें.

आपल्याकडे घरांत एखादें मूल अपंग असलें, कीं पाहुणे येतांच त्यास आंतल्या खोलींत बसवावें आणि धडधाकट भावंडानें त्याच्यावांचून खेळावें, ही चाल अजून पुरती गेलेली नाहीं. या मुलास सोबत नेलें तर दुसऱ्याची प्रगति खुंटेल, अशी भीति आईबापांस वाटते. बिलोदो कुटुंबाचा अनुभव याच्या उलट आहे. प्रत्येक घरांत जगज्जेता निपजेल असें नव्हे, आणि तशी अपेक्षाही धरूं नये. परंतु सुटीच्या दिवशीं कोणता खेळ खेळावा हें ठरवितांना, घरांतील सर्वांत अशक्त मुलास त्यांत जागा आहे कीं नाहीं, हा प्रश्न पहिल्यानें विचारावयास कोणासच कांहीं खर्च येत नाहीं.