वर्गाची खिडकी : उघडावी कीं लावावी?

सोमवारीं सकाळीं दप्तर पाठीला लागलें कीं खोकला सुरू, आणि रविवारीं दिवसभर अंगणांत हुंदडूनही खोकल्याची आठवण नाहीं, असें एखाद्या मुलाचें होऊं लागलें म्हणजे घरांतील वडील मंडळी ठरलेला निष्कर्ष काढतात : मुलाला अभ्यास नको आहे. कधीं कधीं हा निष्कर्ष खराही असतो. परंतु मे महिन्याच्या सुटींत जें मूल धडधाकट होतें, ज्याची शाळेची हौस अद्याप संपलेली नाहीं, आणि तरीही ज्याचे डोळे चुरचुरतात, डोकें दुखतें, छातींत घरघर होते, त्याला लबाड ठरविण्यापूर्वीं एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. ज्या खोलींत तें दिवसाचे पांच-सहा तास बसतें, त्या खोलीची हवा कशी आहे?

रोग्याच्या अंगांत रोग शोधावा, तसा त्याच्या भोंवतालच्या जागेंतही शोधावा, हा विचार नवा नाहीं. इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि वैद्यानें रोग्याला जे प्रश्न विचारावयाचे त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घातली. लहान मुलाचा धंदा शिकण्याचा, आणि त्याचा कारखाना म्हणजे शाळा. मुलाच्या खाण्यापिण्याची, झोंपेची, थंडीवाऱ्याची चौकशी करणारें घर शाळेच्या भिंतींची चौकशी मात्र क्वचितच करतें.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शेजारच्या शहरांत ही चौकशी विशेष अगत्याची आहे. उल्हासनगर हें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींतून उभें राहिलें. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं त्या बराकींत संसार थाटले, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीला आजचें नांव मिळालें. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, त्याच्या जवळून वाहणारी वालधुनी नदी पुढें उल्हासनगरांतून कल्याणच्या खाडीकडे जाते. विसाव्या शतकांत या टापूंत कारखाने वाढले, कारखान्यांमागें वस्ती वाढली, आणि दोहोंमधील मोकळी जागा कमी कमी होत गेली. बदलापूर उल्हास नदीच्या कांठीं आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस याच नदीच्या पुरांत अडकली, आणि हजाराच्या आसपास प्रवाशांची सुटका करावी लागली. असा पूर दोन दिवसांत ओसरतो; भिंतींत मुरलेलें पाणी मात्र कित्येक आठवडे ओसरत नाहीं.

या टापूंतील मुलाच्या श्वासाला त्यामुळें दोन बाजूंनीं धोका असतो. पहिला आंतला, ओलीचा. गच्चीची गळती, फुटका नळ, जमिनींतून वर चढणारें पाणी यांनीं भिंत भिजली, आणि ती एक-दोन दिवसांत सुकली नाहीं, म्हणजे तिच्यावर बुरशी धरूं लागते. बुरशीचे सूक्ष्म कण हवेंत तरंगतात व श्वासाबरोबर आंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं ओल व बुरशी यांविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. ओलसर इमारतींत राहणाऱ्यांना दमा व श्वसनाचे इतर विकार अधिक प्रमाणांत होतात, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. परंतु हवेंत बुरशी किती असली तर चालेल, असा आंकडा दिलेला नाहीं. याचा व्यवहारांतील अर्थ मोलाचा आहे. महागड्या तपासणीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. भिंतीवरचे काळे-हिरवे डाग आणि कुबट वास एवढा पुरावा पुरेसा आहे.

दुसरा धोका बाहेरचा. २९ नोव्हेंबर २०१४ रोजीं पहांटे उल्हासनगरांत वालधुनीच्या पात्रांत रसायन ओतलें गेलें, आणि त्यांतून उठलेल्या वाफेनें शेकडों रहिवाशांना श्वास घेणें कठीण झालें. ३ जून २०२१ च्या रात्रीं बदलापुरांत, आणि १२ सप्टेंबर २०२४ च्या रात्रीं अंबरनाथमध्यें, कारखान्यांतून निसटलेल्या वायूनें लोकांचे डोळे चुरचुरले व घसे धरले. हे प्रसंग शाळेच्या वेळेबाहेर घडले, हें नशीब म्हटलें पाहिजे. दिल्लींत तुघलकाबाद येथें ६ मे २०१७ रोजीं तसें नशीब नव्हतें. शाळेजवळच्या मालगोदामांत एका पेटींतून रसायन गळलें, आणि चारशेंहून अधिक विद्यार्थिनींना रुग्णालयांत न्यावें लागलें.

येथेंच आईबापांची खरी अडचण सुरू होते. डॉक्टर सांगतात, खोलींत हवा खेळती ठेवा, खिडक्या उघडा. मूल सांगतें, खिडकी उघडली कीं वास येतो. दोघांचेंही म्हणणें खरें असूं शकतें. खिडकी लावली तर ओल कोंडते. उघडली तर बाहेरचा वायु आंत येतो. मग खिडकी उघडावी कीं लावावी? या प्रश्नाला सर्व शाळांना लागू पडेल असें एकच उत्तर नाहीं. प्रत्येक शाळेचें, किंबहुना प्रत्येक वर्गाचें उत्तर निराळें असतें, आणि तें शोधण्याचें सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक साधी वही.

या वहींत तीन-चार आठवडे, रविवार व सुटीचे दिवस न वगळतां, रोज चार गोष्टी टिपाव्या : त्रास केव्हां झाला, मूल तेव्हां कोठें बसलें होतें, पाऊस, वारा, वास, ओल यांपैकीं काय होतें, आणि त्रास कोणत्या प्रकारचा होता. मुलाला रोज उलटसुलट विचारून भंडावूं नये; बोलतां बोलतां तें स्वतःच सांगतें. महिनाभरानें वही बोलूं लागते. त्रास एकाच खोलींत, पावसाळ्यांत अधिक, आणि वर्ग बदलला कीं कमी, असें दिसलें तर दोष ओलीचा असण्याचा संभव मोठा. एकाच दिवशीं निरनिराळ्या वर्गांतील अनेक मुलांचे डोळे चुरचुरले व वासही आला, तर कारण बाहेरचें. दुपारीं बंद खोलींत डोकें जड होतें आणि मधल्या सुटींत मोकळें होतें, तर हवा शिळी झालेली आहे. ताजा रंग, वॉर्निश किंवा उग्र फिनेल वापरल्यानंतरच त्रास होत असेल, तर तेंही वहींत उमटतें. मात्र एक सावधगिरी ठेवावी. दम्याची प्रतिक्रिया कधीं कधीं कांहीं तास उशीरा उमटते. सकाळीं वर्गांत श्वासांत गेलेल्या कणांचा खोकला संध्याकाळीं घरीं येऊं शकतो. म्हणून एका दिवसावरून निकाल देऊं नये. आणि घरांतही ओल असेल, तर सारा दोष शाळेवर ढकलणें योग्य होणार नाहीं.

कारण कळलें म्हणजे उपाय सुचतो. ओलीवर रंगाचा हात फिरवणें हा उपाय नव्हे. रंगाखालीं बुरशी वाढतच राहते. आधीं पाणी येण्याची वाट बंद करावी, मग भिंत पुरती सुकवावी, आणि नंतर डाग साबणाच्या पाण्यानें घासून काढावे. भिजून कुजलेले पुठ्ठे, फळ्या व सतरंज्या टाकून द्याव्या. हें काम मुलें शाळेंत नसतांना, शक्यतो मेच्या सुटींत, नाकातोंडाला मास्क बांधून करावें. तोंपर्यंत आजारी मुलाचें बांक ओल्या भिंतीपासून दूर हलवितां येतें. त्याला पैसा लागत नाहीं. छपराला जुने सिमेंटचे ॲस्बेस्टॉस पत्रे असतील, तर आजच्या खोकल्याचा दोष त्यांच्यावर ठेवूं नये, कारण ॲस्बेस्टॉसचे रोग कित्येक वर्षांनीं प्रकट होतात. परंतु ते पत्रे वर्ग भरलेला असतांना कापूं, फोडूं अथवा घासूं देऊं नये.

शिळ्या हवेची गोष्ट म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यानें १८५८ सालींच मोजून दाखविली. माणसांच्या श्वासांतून बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड खोलींत दहा लक्ष भागांत एक हजारावर गेला, तर तेथील हवा पुरेशी बदलत नाहीं, असें माप त्यानें घालून दिलें. बाहेरच्या हवेंत तो आज सुमारें सव्वाचारशें भाग असतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या प्रत्येक तासाच्या शेवटीं पांच मिनिटें उघडल्या तरी साठलेली हवा बरीचशी बदलते.

बाहेरच्या वायूच्या बाबतींत वेळेला महत्त्व आहे. हिंवाळ्याच्या रात्रीं जमीन लवकर थंडावते, तिच्यालगतची गार हवा जड होऊन खालींच बसते, आणि वरच्या उबदार हवेचें तिच्यावर झांकण पडतें. या झांकणाखालीं धूर व वायु कोंडून राहतात. सूर्य वर आला, जमीन तापली, कीं झांकण सुटतें. म्हणून थंडीच्या दिवसांत सकाळच्या शाळेनें कारखान्यांच्या बाजूच्या खिडक्या ऊन चढेपर्यंत लावाव्या व नंतर उघडाव्या. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचे आदेश काढले ते मुलांच्या झोंपेसाठीं. पण या टापूंत त्यांचा फायदा श्वासालाही होण्याजोगा आहे. अचानक बाहेरून उग्र वास आलाच, तर मुलांना आंत घेऊन दारें-खिडक्या व हवा ओढणारे पंखे बंद करावे, चुरचुरणारे डोळे भरपूर स्वच्छ पाण्यानें धुवावे, आणि वास ओसरतांच सर्व खिडक्या सताड उघडाव्या.

इमारत सुधारेपर्यंत मुलाला सांभाळावें लागतेंच. वही घेऊन डॉक्टरांकडे जावें. तिच्यामुळें निदान सोपें होतें. दमा ठरला, तर ओढून घेण्याच्या औषधाला भिऊं नये. पंपाची संवय लागते, ही समजूत चुकीची आहे. पंपानें औषध थेट फुफ्फुसांत जातें, म्हणून तें अल्प मात्रेंत पुरतें. लहान मुलानें तें स्पेसर नांवाच्या पोकळ नळींतून घ्यावें. एक पंप शाळेंत, वर्गशिक्षकांच्या हाताशीं असावा, आणि सोबत डॉक्टरांनीं लिहिलेली अर्ध्या पानाची सूचना असावी. मुलाला एक वाक्य सलग बोलवत नसेल, श्वासागणिक बरगड्या आंत ओढल्या जात असतील, किंवा ओंठ निळसर दिसूं लागले, तर पंप देऊन तत्काळ रुग्णालय गांठावें. पालकांची वाट पाहूं नये.

शाळेकडे जातांना पालकांनीं फिर्यादी होऊन जाऊं नये. त्या वर्गांतील शिक्षकही तीच हवा घेतात. बहुधा त्यांचाही घसा धरलेला असतो. एका घरच्या तक्रारीला हट्ट म्हणतात. पांच घरांच्या वह्यांना तसें म्हणतां येत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत असावी असें ठरविलें आहे. सरकारी, नगरपालिकेच्या व अनुदानित शाळांत या कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समिति असते, आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. गळकी गच्ची समितीच्या सभेंत लेखी मांडावी. बाहेरच्या वायूची तक्रार, वार, वेळ व वाऱ्याची दिशा देऊन, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी. ‘नेहमीं वास येतो’ या वाक्यावर कोणताही अधिकारी चौकशी करूं शकत नाहीं. ‘मंगळवारीं सकाळीं साडेसातला आला, नऊला गेला’ या वाक्यावर करूं शकतो.

इतकें करूनही वर्ग सुधारला नाहीं आणि मुलाचा त्रास वाढतच गेला, तर वर्ग, आणि प्रसंगीं शाळाही, बदलण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो पराभव मानण्याचें कारण नाहीं. मात्र जातांना वही मुख्याध्यापकांच्या हवालीं करून जावें, कारण त्या बांकावर उद्यां दुसरें मूल बसणार असतें. आणि या सर्व खटपटीच्या आधीं, पहिल्या दिवशींच, करावयाची एक गोष्ट आहे : ‘मला तेथें गुदमरतें’ असें मूल म्हणालें, तर त्याच्यावर विश्वास ठेवून वहीचें पहिलें पान उघडावें.