वगळलेले दोन रुग्ण

‘सर, हे दोन रुग्ण वगळले तर निष्कर्ष चांगला येतो. वगळू का?’ प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली, की पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून असा प्रश्न हमखास येतो. मला त्याचा राग येत नाही. विचारले, हे बरेच झाले. काळजी वाटते ती न विचारता वगळलेल्या रुग्णांची.

प्रबंधातल्या दोन ओळींनी काय बिघडणार, असे वाटू शकते. म्हणून अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात काय घडले ते पाहू. डॉ. अनिल पोट्टी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात आला. कर्करोगाच्या गाठीतील जनुके किती सक्रिय आहेत हे तपासून कोणत्या रुग्णाला कोणते केमो लागू पडेल ते आधीच सांगता येते, असा त्यात दावा होता. २००७ पासून त्या आधारे प्रत्यक्ष रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधील संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी तेच आकडे पुन्हा मांडून पाहिले. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली होती. काही ठिकाणी तर औषधाला दाद देणारे आणि न देणारे नमुने उलटसुलट झाले होते. म्हणजे ज्या रुग्णाला औषध लागू पडणार नाही, नेमके त्यालाच ते मिळण्याचा धोका.

हे बाहेरच्यांना दिसले, तसे आतल्या एकालाही दिसले होते. त्याच प्रयोगशाळेत काम करणारा वैद्यकीय विद्यार्थी ब्रॅडफर्ड पेरेझ याने २००८ मध्ये आपल्या शंका वरिष्ठांना लेखी कळवल्या. प्रकरण पुढे नेऊ नये, असा सल्ला त्याला मिळाला. त्याने शोधनिबंधांवरून आपले नाव काढून घेतले आणि दुसरीकडे संशोधनाचे वर्ष नव्याने केले. चाचण्या चालूच राहिल्या. २००९ मध्ये त्या थांबल्या, चौकशी झाली आणि पुन्हा सुरू झाल्या.

अखेर त्या बंद पडल्या २०१० मध्ये, आणि त्याही आकड्यांमुळे नव्हे. पोट्टी यांनी बायोडाटात ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा खोटा उल्लेख केल्याचे ‘द कॅन्सर लेटर’ने उघड केले आणि मग सगळेच ढासळले. निबंध मागे घेतले गेले. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेने संशोधनातील गैरप्रकाराचा ठपका ठेवला. पोट्टी यांनी तो मान्यही केला नाही आणि नाकारलाही नाही. निधीसाठीच्या एका अर्जात ३३ पैकी ६ रुग्णांना औषधाचा गुण आल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात चारच रुग्ण नोंदवले गेले होते आणि गुण एकालाही आला नव्हता.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंध संगणकावर तपासून घेतले जातात. ते आवश्यकच आहे; पण सॉफ्टवेअर उचललेली वाक्ये पकडते, रचलेले आकडे नव्हे. त्यासाठी केस पेपर आणि एक्सेलची शीट शेजारी ठेवून पडताळावी लागते. कोणाला वगळायचे याचे निकष अभ्यासाआधीच लिहून ठेवावे लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विद्यार्थ्याला शंका आली तर मार्गदर्शकाला टाळून ती मांडता येईल अशी जागा विद्यापीठात हवी. ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे, त्याच्याच चुकीबद्दल त्याच्याचकडे तक्रार कोण करणार?

आमच्या वॉर्डातला रुग्ण संमतिपत्रावर अंगठा उठवतो, तेव्हा त्यातले बारकावे त्याला क्वचितच कळतात. ‘डॉक्टर सांगतात म्हणजे बरोबरच असेल,’ एवढाच त्याचा आधार असतो.

त्या विद्यार्थ्याला मी दोन्ही रुग्णांचे केस पेपर आणायला सांगितले. दोघांनीही मळमळ सहन होईना म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. त्यांना वगळले असते, तर औषध छान सोसते असे प्रबंधात छापून आले असते. आम्ही त्यांना ठेवले आणि गोळ्या सोडण्याचे कारणही लिहिले. निष्कर्ष तेवढा चांगला आला नाही. प्रबंध तसाच सादर झाला.