लॅपटॉप चोरीला गेल्यावर त्याचा माग कसा लागतो

मोबाइलला आहे ती सोय लॅपटॉपला नाही

मोबाइल चोरीला गेला तर त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक केंद्र सरकारच्या सीईआयआर यंत्रणेत नोंदवता येतो. ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर महाराष्ट्रातच सुरू झाली आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ पोर्टलमार्फत देशभर खुली झाली. चोराने सिम बदलले तरी हँडसेट टॉवरशी जोडला जाताना आपला क्रमांक सांगतो. त्यामुळे तो बंदही पाडता येतो आणि पोलिसांना त्याचा सुगावाही लागतो.

लॅपटॉपचे तसे नाही. सिमची सोय असलेली मोजकी मॉडेल्स सोडली तर लॅपटॉप वायफायवरून इंटरनेटला जातो आणि आपला सिरियल नंबर वाटेत कुणालाही सांगत नाही. चोरीनंतर त्याने स्वतःहून मालकाला खबर द्यावी असे वाटत असेल, तर ते काम करणारे सॉफ्टवेअर चोरीच्या आधीच त्यात चालू असावे लागते. ते असले तरी लॅपटॉप आपोआप घरी येत नाही. सॉफ्टवेअर ठावठिकाणा आणि पुरावा देते. लॅपटॉप आणतो तो तपास करणारा पोलीस. म्हणून हाती आलेली माहिती त्याला वापरता येईल अशी आहे का, हा प्रश्न सॉफ्टवेअर निवडण्यापेक्षा मोठा आहे.

ठावठिकाणा कसा कळतो

माग काढणारे सॉफ्टवेअर पडद्यामागे चालू असते आणि ठरावीक वेळाने आपल्या सर्व्हरकडे हजेरी लावते. मालकाने दुसऱ्या यंत्रावरून ‘हरवला’ अशी नोंद केली, की पुढच्या हजेरीला ती नोंद लॅपटॉपपर्यंत पोचते आणि मग तो तपशीलवार अहवाल पाठवू लागतो: तारीख-वेळ, आयपी अॅड्रेस, आसपासच्या वायफाय राउटरांची यादी, काही सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनचे चित्र आणि कॅमेऱ्यातून टिपलेला समोरच्या माणसाचा चेहरा.

यातला आयपी अॅड्रेस बहुतेकांना फार भरवशाचा वाटतो. प्रत्यक्षात तो घराचा पत्ता नसतो. इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात, आणि त्या क्षणी तो नेमका कोणाकडे होता हे कंपनीच्या नोंदींतूनच कळते. त्या नोंदी पोलीस रीतसर मागणी करून मिळवतात. मालकाने फोन केला म्हणून कंपनी त्या देत नाही. म्हणून अहवालातली वेळ महत्त्वाची. तासाच्या फरकाने तोच आयपी भलत्याच ग्राहकाकडे गेलेला असू शकतो.

नकाशावर ठिपका दिसतो तो मुख्यतः वायफायमुळे. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएसची चिप नसते. पण प्रत्येक राउटर स्वतःचा वेगळा क्रमांक सतत प्रसारित करत असतो, आणि कोणता राउटर कुठे आहे याचे प्रचंड कोष गूगल, अॅपल, मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे आहेत. लॅपटॉपला आपल्याभोवती पाच-सात राउटर दिसले, की त्यांच्या क्रमांकांवरून आणि सिग्नलच्या जोरावरून जागा काढता येते. दाट वस्तीत हा अंदाज बराच जवळ जातो. विरळ वस्तीच्या गावात, जिथे राउटरच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तिथे ठिपक्याभोवतीचे वर्तुळ अख्खी वाडी व्यापते. आणि शहरातही एक अडचण उरतेच: ठिपका मजला सांगत नाही. दादरच्या वीस मजली इमारतीवर तो नेमका बसला, तरी प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडे धरली तर ऐंशी दारे झाली. अशा वेळी अहवालातली वायफायची नावे कामाला येतात. लोक राउटरला आडनाव, फ्लॅट क्रमांक, दुकानाचे नाव देतात. सर्वांत जोरदार सिग्नल कोणत्या नावाचा आहे हे पाहिले, तर ऐंशी दारांची दोन-चार होऊ शकतात.

अॅपलने २०१९ मध्ये वेगळी वाट काढली. मॅकबुक इंटरनेटला जोडलेला नसला तरी तो ब्लूटूथवर हलकासा संकेत देत राहतो. जवळून जाणारा कुणाचाही आयफोन तो संकेत ऐकतो आणि स्वतःची जागा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून अॅपलकडे पाठवतो. ते कुलूप फक्त मालकाच्या यंत्रावर उघडते आणि संकेतातला क्रमांकही सारखा बदलत राहतो. ही दक्षता मुळात संशोधकांनी आधीच मांडली होती. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये तयार झालेल्या ‘अडिओना’ या मोफत सॉफ्टवेअरचा उद्देशच हा होता, की लॅपटॉपचा माग फक्त मालकाला लागावा, सेवा देणाऱ्यालाही लागू नये. ज्या सार्वजनिक साठवण सेवेवर ते उभे होते ती २००९ मध्ये बंद पडली आणि अडिओनाही थांबले. मला ते फार मोलाचे काम वाटते.

फॉरमॅट मारल्यावर काय उरते

चोराच्या हातून लॅपटॉप दुरुस्ती करणाऱ्याकडे गेला, की पहिले काम विंडोज नव्याने टाकण्याचे होते. साधे सॉफ्टवेअर तिथेच पुसले जाते. चिलीमध्ये २००९ मध्ये सुरू झालेले ‘प्रे’ किंवा विंडोज १० मध्ये २०१५ च्या नोव्हेंबरपासून मिळालेले ‘फाइंड माय डिव्हाइस’ यांची मर्यादा हीच आहे.

यावर उपाय शोधला तो कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या अॅब्सोल्यूट सॉफ्टवेअर या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने. तिच्या ‘कॉम्प्युट्रेस’चा छोटा अंश डेल, एचपी, लेनोव्हो यांच्यासारख्या कंपन्या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घालून देतात. ग्राहकाने सेवा घेऊन तो एकदा चालू केला, की हार्डडिस्क बदलली तरी लॅपटॉप सुरू होताना तो अंश तपासतो, मुख्य सॉफ्टवेअर गायब दिसले तर पुन्हा बसवतो. पण इतक्या खोल बसणारी गोष्ट दुधारी असते. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘ईसेट’ या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘लोजॅक्स’ हे घातक सॉफ्टवेअर उघडकीस आणले. हेरगिरी करणाऱ्या एका टोळीने याच सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत फेरफार करून ते फर्मवेअरमध्ये घुसणाऱ्या हल्ल्यासाठी वापरले होते.

मॅकमध्ये टी-टू चिप किंवा अॅपलची स्वतःची चिप असेल, तर मॅकओएसच्या कॅटलिना आवृत्तीपासून अॅक्टिव्हेशन लॉक मिळते. डिस्क पुसली तरी मालकाच्या अॅपल खात्याचा पासवर्ड दिल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. ठावठिकाणा यातून कळत नाही, पण चोरीच्या मालाची किंमत सुट्या भागांपुरती उरते.

आधी कुलूप, मग माग

येथे एक खरा पेच आहे. विंडोजच्या बिटलॉकरने किंवा मॅकच्या फाइलव्हॉल्टने डिस्क कुलूपबंद असेल आणि चोराला आत जाता आले नाही, तर लॅपटॉप इंटरनेटला जोडलाच जात नाही आणि विंडोजच्या आत चालणारे माग काढणारे सॉफ्टवेअर मुके राहते. म्हणून काहीजण पासवर्ड नसलेले, काहीही अधिकार नसलेले पाहुण्याचे खाते मुद्दाम ठेवण्याचा सल्ला देतात. चोर त्यात शिरतो, वायफाय जोडतो, हजेरी लागते. मॅकवर फाइलव्हॉल्ट असताना ‘गेस्ट’ निवडले तर फक्त सफारी उघडते आणि डिस्कला हात लागत नाही. या पेचावर मी पाहिलेला हा सर्वांत समजूतदार तोडगा.

दोन्ही जमत नसेल, तर मी डोळे झाकून कुलूप निवडेन. मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागातल्या कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरची हार्डडिस्क चोरीला गेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख जणांची माहिती होती, तीही कुलूप न लावलेली. जूनमध्ये यंत्र परत मिळाले आणि माहिती उघडली गेली नसल्याचे एफबीआयने सांगितले. तरीही विभागाला २००९ मध्ये २ कोटी डॉलर देऊन दावा मिटवावा लागला. डॉक्टर, वकील, सीए, शिक्षक यांच्या लॅपटॉपमध्ये असलेली माहिती त्यांची एकट्याची नसते. ती ज्यांची आहे त्यांचा हक्क आधी येतो.

ठिपक्यापासून दारापर्यंत

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये २०११ च्या मार्चमध्ये एका तरुणाचे मॅकबुक घरातून चोरीला गेले. त्यात ‘हिडन’ हे सॉफ्टवेअर होते. काही दिवसांत त्याच्याकडे एका अनोळखी माणसाची चित्रे येऊ लागली: झोपलेला, गाडी चालवताना, पडद्यासमोर बसलेला. त्याने सगळे पोलिसांना दिले, पण मनुष्यबळाअभावी तपास पुढे सरकला नाही. मे अखेरीस त्याने ती चित्रे इंटरनेटवर टाकली, बातमी पसरली आणि मग पोलीस हलले. छायाचित्रांनी गुन्हेगाराचे नाव सांगितले नव्हते. ज्या माहितीतून एका टॅक्सी सेवेचा पत्ता लागला, तिचा उपयोग झाला. पोलिसांनी गिऱ्हाईक असल्याचे भासवून टॅक्सी बोलावली आणि चालकाला पकडले.

चेहऱ्यापेक्षा नाव, खाते, कामाचे ठिकाण उपयोगी पडते, हे यातून दिसते. स्वतः ठिपक्याच्या जागी जाऊन दार ठोठावणे मात्र कटाक्षाने टाळावे. दार चुकीचे असू शकते, आणि बरोबर असले तर ते जास्त धोक्याचे.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनाशुल्क मिळते. प्रवासात, मुंबई-पुणे गाडीत किंवा कोकण रेल्वेत, बॅग गेली तर उतरून गावी पोचेपर्यंत थांबू नये. रेल्वे पोलिसांकडे किंवा १३९ वर लगेच कळवावे. प्रवासी वाहनातून केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘गहाळ’ची नोंद आणि चोरीचा गुन्हा या वेगळ्या गोष्टी आहेत. चोरी झाली असेल तर गुन्हाच नोंदवायला सांगावे, कारण इंटरनेट कंपनीकडून नोंदी मागवण्याचा मार्ग तिथून सुरू होतो.

अहवाल देताना नुसते स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठवू नयेत. मूळ ईमेल, मूळ फाइली जपाव्यात आणि वेळेसह छापील प्रत द्यावी. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. मूळ फाइल हाताशी असेल तर ते करता येते.

सापडला, पण अजून मुद्देमाल

पोलिसांनी जप्त केलेला लॅपटॉप पंचनामा होऊन मुद्देमाल होतो. तो मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, सोबत खरेदीचे बिल आणि सिरियल नंबर. बंधपत्र लिहून देऊन तो ताब्यात मिळू शकतो. मुद्देमाल पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितले आहे. बिल नसेल तर इथे अडते, मग सॉफ्टवेअर कितीही चांगले असो.

कॅमेरा कोणाकडे रोखलेला

२०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा मंडळावर खटला झाला. विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपमध्ये चोरी शोधण्याचे सॉफ्टवेअर होते. ते चालू झाले की ठरावीक मिनिटांनी कॅमेरा आणि स्क्रीनचे चित्र टिपत असे. मुलांच्या घरात, झोपायच्या खोलीत टिपलेल्या चित्रांसह पन्नास हजारांहून अधिक चित्रे साठली होती आणि पालकांना याची कल्पनाच नव्हती. मंडळाने ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड केली.

ओहायोतल्या स्प्रिंगफील्डचा खटला मला याहून विचार करायला लावतो. एका बदली शिक्षिकेने एका विद्यार्थ्याकडून ६० डॉलरला जुना लॅपटॉप घेतला. तो शाळा मंडळाचा चोरीला गेलेला होता. शोध घेणाऱ्या कंपनीच्या माणसाने तिचे खासगी संदेश आणि छायाचित्रे टिपून पोलिसांना दिली. माल परत मिळवण्यासाठी आयपी अॅड्रेस पुरेसा असताना हे कशासाठी, हा प्रश्न ज्युरीपुढे जाऊ शकतो, असे न्यायाधीशांनी २०११ मध्ये ठरवले. पुढे तडजोड झाली. कंपनी, शाळा किंवा वसतिगृह लॅपटॉप देत असेल, तर त्यात काय बसवले आहे, ते कधी चालू होते आणि कोण पाहते, हे लेखी कळायलाच हवे. कॅमेरा बंद ठेवूनही माग निघतो.

आज करून ठेवायचे

सिरियल नंबर आणि बिलाचा फोटो लॅपटॉपबाहेर, फोनवर किंवा मेलवर ठेवा. विंडोजवर ‘फाइंड माय डिव्हाइस’ आणि लोकेशन, मॅकवर ‘फाइंड माय’ चालू करा आणि एकदा फोनवरून ठिपका दिसतो का ते पाहा. अनेकांचे सेटिंग अर्धवट राहिलेले असते. डिस्क कुलूपबंद करा, रिकव्हरी की वेगळी ठेवा. बायोसला, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड द्या, म्हणजे पेनड्राइव्ह लावून लगेच फॉरमॅट मारता येणार नाही. चोरी झाल्यावर घाईने सगळे दूरवरून पुसून टाकू नका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासोबत मागही संपतो. आधी लॉक, मग मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, मग पोलीस ठाणे.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यानेही सावध असावे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ब नुसार चोरीचे संगणक साधन बेइमानीने घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, नाहीतर ओळखीच्या विद्यार्थ्याकडून, काळजी तीच. मूळ बिल मागा, बायोसमधला सिरियल नंबर तळाच्या क्रमांकाशी जुळवा, आणि मॅक असेल तर विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या खात्यातून तो काढून घ्यायला सांगा.