पानाचे कान बघा

हिवाळ्यात बांधावर, बागेच्या कडेला, कालव्याच्या ओलीवर म्हातारा उगवतो. पोकळ देठ मोडला की पांढरा चीक येतो. वर पिवळी फुलं, आणि ती सुकली की मऊ पांढऱ्या केसांचे गोंडे. नाव त्याला शोभतं.

शास्त्रीय नाव सॉन्कस ओलेरेशियस, लिनियसने १७५३ साली दिलेलं. बाकी नावांना मात्र अंत नाही. इंग्रजांनी ही वनस्पती डुकरिणीच्या आणि सशाच्या नावावर केली, जर्मनांनी हंसाच्या. फ्रेंच नाव दुधावरून पडलं. न्यूझीलंडचे माओरी तिला पूहा म्हणतात. पाने पाण्यात चोळून कडू चीक काढायचा आणि डुकराच्या मांसाबरोबर शिजवायची, ही त्यांची आवडती भाजी.

घोळ होतो तो उसन्या नावांमुळे. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्यालाच ‘मिल्क थिसल’ म्हणतात. यकृताच्या गोळ्यांमधलं मिल्क थिसल ही जांभळ्या फुलांची वेगळीच वनस्पती. आपल्याकडे पाथरी हे नाव काही ठिकाणी म्हाताऱ्यालाही चिकटतं. पण मराठवाड्यात भाकरीबरोबर कच्ची खातात ती पाथरी म्हणजे लॉनिया प्रोकम्बन्स. तिची पानं जमिनीलगत गोल पसरतात, कडांना बारीक पांढरे दात असतात. म्हाताऱ्यासारखा जाड, सरळ दांडा तिला नसतो.

म्हाताऱ्याचाच सख्खा भाऊबंद सॉन्कस ॲस्पर. दोघं शेजारी उभे असले की भले भले चुकतात. अशा वेळी फूल सोडा, पान दांड्याला जिथे बिलगतं तिथे बघा. पानाचा तळ दांड्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो आणि मागे दोन कान काढतो. म्हाताऱ्याचे कान टोकदार. ॲस्परचे गोल, वळलेले. ॲस्परचं पान चकचकीत आणि काटेरी, म्हाताऱ्याचं निस्तेज आणि मऊ. तरीही शंका उरली तर बी भिंगाखाली धरावं: म्हाताऱ्याच्या बीवर आडव्या सुरकुत्या असतात, ॲस्परचं बी उभ्या शिरा सोडल्या तर गुळगुळीत.

गंमत म्हणजे म्हाताऱ्यात ३२ गुणसूत्रं आहेत. ॲस्परची १८ आणि टेनेरिमस या तिसऱ्या भावाची १४ मिळून तेवढीच होतात. या दोघांच्या संकरातूनच तो जन्मला असावा, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

भाजीसाठी खुडणाऱ्यांनी एक पथ्य पाळावंच. काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा पिवळा धोत्राही याच दिवसांत, अशाच पडीक जागी वाढतो आणि तो विषारी आहे. त्याचा चीक पिवळा निघतो. देठ मोडून चीक बघा. पण पांढरा चीक पुष्कळ विषारी झाडांनाही असतो, तेव्हा पानाचे कान आणि फूलही जुळल्याशिवाय टोपलीत काही टाकू नका.