शोभेचे मासे : छंदातून हलाल रोजगार

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. पण मिरचीचा हंगाम ठरावीक महिन्यांचा. एरवी घरबसल्या, थोड्या भांडवलात काय करता येईल, असा प्रश्न तरुणांना व गृहिणींना पडतो. शोभेचे मासे हे त्याचे एक उत्तर आहे. ज्यांनी पूर्वी हा छंद जोपासला आणि ज्यांची काचेची टाकी आज माळ्यावर कोरडी पडली आहे, त्यांनी तरी याचा विचार करावा, असे आम्ही सुचवितो.

जुनी टाकी, नवी सुरुवात

कोरड्या टाकीचे सांधे सुकून उकललेले असू शकतात. म्हणून ती आधी अंगणात सपाट जागी भरून दोन दिवस पाहावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ५६ किलो. टेबल तितके भक्कम हवे.

भरलेल्या टाकीत त्याच दिवशी मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. पुढे पाच-सहा मासे सोडावेत व दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

आपल्या पाण्याचे मासे

मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात निऑन टेट्रा किंवा डिस्कसची पैदास करण्याचा हट्ट धरू नये. गप्पी, मोली, प्लॅटी व स्वोर्डटेल यांना हेच पाणी मानवते. आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडतो तो गप्पी सर्वांना माहीत आहेच. त्याच्याच रंगीत जातींना गिऱ्हाईक असते. मादी साधारण महिन्याला पिल्ले देते, पण तीच ती खातेही. पिल्ले वेगळी काढावीत आणि दोन जाती एकत्र ठेवू नयेत, नाहीतर रंग बिघडतो.

मिरचीच्या गावात एक धोका मोठा आहे. फवारणीची औषधे, विशेषतः सायपरमेथ्रिनच्या वर्गातील, माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. फवारणीची बादली, ड्रम किंवा न धुतलेला हात टाकीच्या पाण्याला लागू देऊ नये. डास पळविणारी अगरबत्ती व द्रवही हवेच्या पंपाजवळ नको.

व्यवहार आणि अमानत

सुरुवात एका टाकीने व स्वतःच्या पैशाने करावी. व्याजी कर्ज काढून नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनासाठी ३ लाख रुपये घटक खर्च धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के अनुदान ठेवले होते. सध्या कोणती योजना लागू आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी.

अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न घरात ठेवल्याने नशीब उघडते, असे सांगून मोठी किंमत घेणारे दुकानदार आहेत. ईमानवाल्याने असा व्यवहार करू नये. मालातील दोष न लपविणे ही आपल्या व्यापाराची पहिली शर्त आहे. आजारी मासा विकू नये. नको झालेला मासा विहिरीत वा नदीत सोडू नये. मांजरीला उपाशी कोंडणाऱ्या स्त्रीची हदीस सर्वांना ठाऊक आहे. काचेत कोंडलेला जीवही अमानतच होय.

म्हणून मासे मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारावे, टाकी किती दिवसांपूर्वी भरली? काल भरली असेल, तर त्याला महिन्याने बोलवावे. त्या दिवसाची विक्री जाईल, पण त्याचे मासे जगतील आणि इन्शाअल्लाह तो पुन्हा आपल्याच दारात येईल.