महालक्ष्म्यांपुढचं आकाश

मार्च 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या महालक्ष्म्यांची आरास बदलली. तोवर बाजारातून तयार मखर आणायचं, तीन दिवस मांडायचं, की झालं. आम्ही रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला आलेले मराठवाड्यातले. भाड्याच्या दोन खोल्या, पण सण गावाकडच्यासारखाच. इथे फ्रिज, टीव्ही तयार होतात, त्यामुळे भंगारवाल्याकडे जाड पुठ्ठा किलोवर मिळतो. पुठ्ठ्याचा ढीग पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, चंद्रावरचं गाव करू या."

त्या वर्षी कागदाच्या लगद्यात चुलीची राख कालवून चंद्राची जमीन केली. ओली असतानाच गोट्या आणि वाट्या दाबून विवरं पाडली. घरांना पाइप, झडपा, टाक्या लावल्या, त्या जुन्या रिमोटच्या आणि खेळण्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या. पुढे कळलं की 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधली यानं घडवणाऱ्यांनीही हेच केलं होतं. रणगाडे-विमानांचे प्लास्टिक किट फोडून त्यांचे तुकडे यानांवर चिकटवले होते. ओळखीचा तुकडा अनोळखी जागी बसला की नजर फसते आणि यान खरं वाटू लागतं.

2019 चं वर्ष मात्र विसरता येत नाही. 6 सप्टेंबरला महालक्ष्मीपूजन आणि त्याच रात्री चांद्रयान-2 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरायचा होता. देखाव्यात विक्रम नायलॉनच्या दोऱ्याने टांगला होता. उतरला की दोरा सैल करून त्याला जमिनीवर ठेवायचं, असं मुलीने ठरवलेलं. फुलोऱ्याखाली बसून आम्ही टीव्ही पाहत होतो. चंद्रापासून 2.1 किलोमीटरपर्यंत सगळं ठीक होतं, मग संपर्क तुटला. सकाळी विसर्जनाला बायका आल्या तेव्हा यान दोऱ्यावर तसंच होतं. मुलीने त्याला हात लावू दिला नाही.

2020 मध्ये कोरोनामुळे देखावा पाहायला कोणी आलंच नाही.

2023 मध्ये चांद्रयान-3 चा विक्रम खरोखर उतरला, 23 ऑगस्टला. महिन्याभराने महालक्ष्म्या बसल्या तेव्हा आम्ही दोरा काढून यान जमिनीवर ठेवलं. छतावरचा दिवा बंद करून एकच एलईडी बाजूने, अगदी खालून लावला. दक्षिण ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगत असतो, सावल्या लांबच लांब पडतात. तेवढ्या एका बदलाने राखेचा चंद्र झाला. पूजनाच्याच दिवशी, 22 सप्टेंबरला, इस्रोने झोपलेल्या यानाला हाक दिली. उत्तर आलं नाही.

मे 2025 मध्ये जयंत नारळीकर गेले. त्यांच्या विज्ञानकथा मी मुलीला वाचून दाखवल्या होत्या, म्हणून त्या वर्षीचा देखावा त्यांच्यासाठी केला. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला परग्रहावरून हाक येते, ही कल्पना. जुन्नर तालुक्यातलं खोडद म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या 30 तबकड्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या आहेत, आणि पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. आम्ही खिडकीची मच्छरजाळी कापून वाटीवर दाबली, कडेला तार गुंफली. दहा सेंटिमीटरची तबकडी, म्हणजे प्रमाण एकास साडेचारशे. त्या हिशेबाने माणूस जेमतेम चार मिलिमीटरचा होतो. तांदळाची कणी रंगवून तबकडीच्या पायाशी उभी केली. माझ्या मते देखाव्यात तीच सगळ्यात महत्त्वाची. ती दिसेपर्यंत लोकांना तबकडी नुसती चाळणी वाटायची, दिसली की माणसं वाकून पाहायची. मधल्या चौदा तबकड्या साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत. त्या प्रमाणात मांडायच्या तर सव्वादोन मीटर लांबरुंद जागा लागली असती. आम्ही चारच केल्या.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळकरी मुलं आपापली मॉडेलं घेऊन येतात आणि मोठ्या तबकड्याही पाहायला मिळतात. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.